जीपचा जीर्णोद्धार

दिवाळी जवळ आली की आपण घराला रंग काढतो. भिंतीचे पोपडे निघालेले असोत वा नसोत, चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा एक हात फिरल्याशिवाय लक्ष्मी उंबरठा ओलांडणार नाही, अशी आपली ठाम समजूत आहे. समजूत वाईट नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला आहे की, एखाद्या वस्तूवर प्रेम करायचे म्हणजे तिला नवी करायची, असे आपण धरून चालतो. देव आवडला की त्याला चांदीचा मुखवटा येतो. देऊळ आवडले की गावात वर्गणी जमते, आणि सातशे-आठशे वर्षे ऊनपाऊस सोसलेल्या काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळावर गुलाबी ऑइलपेंट चढतो. याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. शब्द मोठा सुंदर आहे. फक्त उद्धाराच्या घाईत जीर्ण म्हणून काही शिल्लक राहत नाही, एवढेच.

या शब्दाचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती एका जीपगाडीमुळे.

ही जीप माझ्या वडिलांची. वडील कराडला डॉक्टर होते. पाटण खोऱ्यातल्या ज्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा एस.टी. पोचत नव्हती, तिथले रोगी त्यांच्याकडे यायचे. आणि जे येऊ शकत नसत त्यांच्याकडे वडील जायचे. त्यासाठी १९६४ साली त्यांनी एक जुनी जीप विकत घेतली. गाडी १९६२ सालची, म्हणजे तशी दोनच वर्षांची. पण पहिल्या मालकाने तिला उसाच्या शेतातून हाकली असल्यामुळे ती दहा वर्षांची दिसत होती, असे आई सांगते. पुढे चाळीस वर्षे ती आमच्याकडे चालली. वडील गेल्यावर ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मागच्या भागात कोंबड्या अंडी घालू लागल्या. स्टिअरिंगवर दर वर्षी खंडेनवमीला झेंडूची माळ मात्र पडायची, आणि ती पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिथेच वाळत राहायची.

शेवटी आम्ही दोघा भावांनी ठरवले की, गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. अगदी पहिल्यासारखी करायची. हे आम्ही इतक्या सहजपणे बोलून गेलो की, त्यात काही प्रश्न दडला आहे अशी शंकाही कुणाला आली नाही. पण काम सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच आमच्या मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी मागे सारून विचारले, "दादा, पयल्यासारकी म्हंजी कवासारकी?"

हा प्रश्न वेदान्ताच्या एखाद्या ग्रंथात शोभून दिसला असता. आमच्या अंगणात तो तेलकट फडक्याला हात पुसत विचारला गेला, आणि पुढचे वर्षभर तो माझ्या मानेवर बसून राहिला.

जीप ही वस्तू मूळची आपली नव्हे. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ओढ असलेली, कुठेही घुसणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला. पण मोठी मागणी पुरवण्याइतके बळ तिच्यात नव्हते. त्यामुळे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या रणांगणावर पाठवल्या. त्यांतल्या पुष्कळशा ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच लिलावात निघाल्या. पुढे १९४९ साली महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता ही परदेशी गाडी इतकी मराठी झाली की, गावाकडची माणसे तिला लाडाने 'जीपडं' म्हणू लागली. कालव्यावरचा इंजिनिअर जीपमधून यायचा, गटविकास अधिकारी जीपमधून यायचा, फौजदार जीपमधून यायचा, आणि निवडणूक आली की कर्णा लावून उमेदवारही जीपमधूनच यायचा. खेड्यात सरकार म्हणून जे काही दिसायचे ते बहुधा जीपच्या मागे उडणाऱ्या धुळीतून दिसायचे.

आमची गाडी सीजे-३बी या जातीची. लष्करी जीपशेजारी ती उभी केली तर एक फरक लहान मुलाच्याही लक्षात येईल: हिचे बॉनेट उंच आहे. मोठ्या कपाळाचा मनुष्य जसा उगीचच विचारी दिसतो, तशी ही जीप दिसते. याला कारण आहे. लष्करी जीपच्या इंजिनात दोन्ही तऱ्हेचे व्हॉल्व्ह बाजूला, ठोकळ्यातच बसवलेले असत. तीत साठ अश्वशक्ती होती. पुढे विलीजने 'हरिकेन' नावाचे इंजिन काढले. त्यात हवा आणि पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर, डोक्यात नेला आणि जळलेला धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह होता तिथेच ठेवला. यामुळे शक्ती वाढली. पण इंजिनाची उंचीही वाढली, आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट उंच करण्यात आले. तेव्हा ते कपाळ काही शोभेसाठी नाही. आत जे आहे त्याच्यासाठी आहे.

हे मी जरा विस्ताराने सांगितले, कारण आमच्या जीपचे कपाळ तेवढे उंच होते. आत ते इंजिनच नव्हते.

१९८८ साली वडिलांनी ते काढून टाकले होते. पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेलचे इंजिन बसवले. त्या काळी हे सर्रास चालत असे, आणि त्यात गैर असे काही नव्हते. रोग्याकडून दोन रुपये घ्यायचे की चार, याचा विचार करणाऱ्या डॉक्टराने गाडीच्या कुळाचा विचार करत बसावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. जुने इंजिन वडिलांनी विकले मात्र नाही. "भंगारवाला वजनावर घेतो म्हणतो. वजनावर विकायला ते काय कांदे आहेत?" असे म्हणून त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिले. मधल्या काळात गोठ्यातली जनावरे गेली, गोठाही अर्धा पडला. पण गोणपाटाखालचा तो ऐवज जागचा हलला नव्हता. वॉटर पंपाच्या मागे ठोकळ्यावर नंबर कोरलेला असतो. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, आणि मी आर.सी. बुकाचे पिवळे पडलेले पान समोर धरून एकेक आकडा वाचला. सगळे आकडे जुळले. हरवलेले मूल जत्रेत सापडावे आणि त्याच्या दंडावरचा तीळ ओळखू यावा, तसा आनंद आम्हाला झाला.

गाडीचे काम निघाल्याची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ला देणारे येऊ लागले. लग्नघर आणि उघडलेले इंजिन, या दोन ठिकाणी सल्ला देण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. एक तरुण गृहस्थ वरातीसाठी गाड्या भाड्याने देणारे होते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "रुंद टायर टाका, पुढे क्रोमचा बंपर टाका, खाली निळे दिवे टाका. एका सीझनमध्ये पैसे वसूल." नवरदेव उभा राहू शकेल असा एक चौथराही मागे बसवण्याची त्यांची सूचना होती. माझ्या धाकट्या भावाला यातले चौथरा सोडून बाकी सगळे पटले होते, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

दुसऱ्या टोकाला आमचे पुण्याचे एक स्नेही होते. जुन्या मोटारी हा त्यांचा देवधर्म. जुन्या बाजारात एखादा मूळचा दिवा मिळाला तर ते तो निरांजनासारखा दोन्ही हातांत धरून घरी आणतात. त्यांनी गाडी पाहिली आणि खिशातून वही काढून जे जे मूळचे नव्हते त्याची यादी करायला सुरुवात केली. यादी चार पाने झाली. "हे सर्व काढायचे," ते शांतपणे म्हणाले. "गाडी माझगावच्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या क्षणी जशी होती तशी दिसली पाहिजे. मधली वर्षे पुसून टाकायची."

मधली वर्षे पुसून टाकायची! एकाला जीपला भविष्यात न्यायची होती आणि दुसऱ्याला भूतकाळात. वडिलांनी ज्या चाळीस वर्षांत ती चालवली, त्यांच्याशी दोघांनाही कर्तव्य नव्हते.

तरीपण स्नेह्यांनी मला एक विद्या शिकवली, आणि तिच्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गाडीचा मूळ रंग कसा शोधावा, ती ही विद्या. जिथे ऊन पोचत नाही आणि पेंटरचा ब्रशही पोचत नाही, अशा जागा गाडीत असतात: डॅशबोर्डची मागची बाजू, कारखान्याच्या पट्टीखालचा पत्रा, सीटखालचा कोनाडा. तिथे जुना रंग जिवंत सापडतो. आणखी एक युक्ती म्हणजे, बाहेरच्या पत्र्यावर एका जागी अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल घासायचा. वरचा थर विरतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. आणि झाडाचे खोड आडवे कापल्यावर दिसतात तशी वर्तुळे पत्र्यावर उमटतात.

आमच्या जीपच्या डाव्या कुशीवर अशी पाच वर्तुळे उमटली. सर्वांत बाहेर मळकट पांढरा, तो वडिलांच्या शेवटच्या वर्षांतला. त्याच्या आत निळा. तो मला चांगला आठवत होता, कारण कॉलेजातून सुट्टीला आलो की स्टँडवर तो निळा रंग दिसला म्हणजे घर आले असे वाटायचे. त्याच्या आत पुन्हा पांढरा, आणि त्यावर तांबड्याची एक अस्पष्ट कड. एके काळी वडिलांनी गाडीवर डॉक्टरची तांबडी फुली काढून घेतली होती, तिची ती कड. मग अस्तराचा गेरूसारखा थर. आणि सर्वांच्या आत, रुपयाएवढा, फिकट हिरवा. डॅशबोर्डच्या मागेही तोच हिरवा होता. तो कारखान्याचा.

मी बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहत राहिलो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढण्यात आला आणि त्याखालचे मूळ स्वरूप लोकांना दिसले, त्याची मला आठवण झाली. तो शेंदूर कुणी एकाने लावलेला नव्हता. पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी तो चढला होता. खालचे रूप खरे, हे कबूल. पण वरचे हात खोटे होते असे कोण म्हणेल?

रंगाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. हिरवा नव्याने द्यायचा, कारण पत्रा उघडा ठेवला तर पावसाळ्यात गंज त्याला खाऊन टाकील. पण डाव्या कुशीवरचा तळहाताएवढा चौकोन, त्या पाच वर्तुळांसकट, तसाच ठेवून त्यावर पारदर्शक वार्निश मारायचे. पेंटर नाराज झाला. त्याला तो आपल्या कामावरचा डाग वाटला. "लोक म्हणतील, एवढी जागा रंगवायची राहिली," असे तो तीनतीनदा म्हणाला. तो लांबी भरून ती जागा गुळगुळीत करायच्या तयारीतच होता. त्याला चहा पाजून थांबवावे लागले.

नट-बोल्टांचा प्रश्न मात्र चिवट निघाला. ही गाडी अमेरिकन कुळातली, त्यामुळे तिचे आटे इंचाच्या हिशेबाचे. मधल्या वर्षांत ज्याच्या हाताला जो बोल्ट लागला तो त्याने पिळला होता. मिलिमीटरचे बोल्ट इंचाच्या भोकात कोंबून मूळचे आटे चिरडले गेले होते. मिस्त्री मला घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. तिथे लेथवर बसलेल्या कारागिराला नमुना दाखवला की, तो बोल्ट चिमटीत धरून एक डोळा मिटतो आणि "उद्या या" म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो जे हातात ठेवतो, त्याच्यात आणि मूळ वस्तूत आईबापालाही फरक करता येऊ नये. मला त्याचा आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. सगळेच असे बनवून मिळत असेल, तर शेवटी मूळचे ते काय राहणार? पाना आणि पैसा असेल तर कुणीही अख्खी जीप नवी उभी करील आणि तिला १९६२ची म्हणेल.

यावर जगातल्या शहाण्या माणसांनी विचार केलेला आहे. जुन्या वास्तूंची डागडुजी कशी करावी याची एक सनद १९६४ साली व्हेनिसला तयार झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक अशी की, जिथे तर्क सुरू होतो तिथे डागडुजी थांबली पाहिजे; 'असे असावे बहुधा' एवढ्या आधारावर काही घडवू नये. दुसरी अशी की, वास्तूवर ज्या ज्या काळाने आपली भर घातली त्या सर्वांचा मान राखावा. एकच काळ खरा आणि बाकीचे उपरे, असे मानू नये. याच धर्तीवर जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने २०१२-१३ मध्ये ट्यूरिनची सनद केली. तिच्यात आणखी एक नेमकी सूचना आहे: जो भाग नवा घालाल त्यावर खूण करा, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

ही सूचना मी मिस्त्रींना सांगितली. उद्यमनगरातून आणलेल्या प्रत्येक भागावर, सहज दिसणार नाही अशा जागी, पंचाने साल ठोकायचे ठरले. मिस्त्रींनी ठोकले, पण हसत हसत विचारले, "दादा, चोरीचा माल हाय का काय, वळख पटवायला?" मी म्हटले, चोरी होऊ नये म्हणूनच ही खूण आहे. नवा भाग जुन्याचे वय चोरतो, ते चोरू नये म्हणून.

आता राहिल्या त्या कड्या.

जीपच्या मागच्या भागात चार लोखंडी कड्या होत्या. दोन पुढच्या सीटच्या पाठीमागे तळाशी आणि दोन अगदी मागे, फळीजवळ. काम ओबडधोबड; लोहाराच्या हातोड्याचे घाव तसेच दिसत होते. आम्हा भावांना त्या सामान बांधायच्या कड्या म्हणून माहीत होत्या. लहानपणी त्यांना दोर बांधून आम्ही घोडा घोडा खेळलो होतो. स्नेह्यांच्या यादीत त्या तिसऱ्या पानावर होत्या, आणि त्यांच्यापुढे तांबड्या शाईने 'काढणे' असे लिहिलेले होते. त्यांचे कारणही बिनतोड होते. २०२१ सालच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिचा जुना नंबरही तसाच राहतो. डिझेलचे इंजिन जाऊन मूळचे आले की मोठा अडथळा सरत होता. "चार कड्यांवरून कुणी नोंदणी अडवणार नाही," स्नेही म्हणाले, "पण प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील. आणि गुणांचे सोडा, पण सुंदर चेहऱ्यावर हे चार चामखीळ हवेत कशाला?" भावाला ते पटले. मलाही त्या वेळी त्याच्या विरुद्ध बोलण्यासारखे काही दिसेना. मिस्त्रींनी खडूने चारही कड्यांवर फुल्या मारून ठेवल्या. गॅस कटरवाला सोमवारी यायचा होता.

रविवारी संध्याकाळी आई काठी टेकत शेडपाशी आली. तिचे वय आता अठ्ठ्याऐंशी. गाडीच्या कामात तिने कधी लक्ष घातले नव्हते. "भंगारात जीव घालताय," एवढेच म्हणायची. त्या दिवशी ती मागच्या बाजूला उभी राहिली आणि तिने विचारले, "अरे, ह्या कड्यांवर खडू कुणी मारला?"

मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने एरवी कधी सांगितले नव्हते ते सांगितले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. फडताळातली भांडी एकदम खाली आली तो आवाज, आणि आईने आम्हा दोघांना पांघरुणासकट अंगणात ओढले ते, एवढेच मला आठवते. उजाडायच्या आत वडील औषधांची पेटी घेऊन जीपमधून निघून गेले होते. चिपळूणच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर वर कोयनानगर. तिथे घरे पत्त्यांसारखी बसली होती. शेकडो माणसे जखमी, आणि त्यांना हलवायला वाहने अपुरी. वडिलांनी डावीकडची पुढची सीट काढून टाकली, मागची फळी पाडली, आणि तिथे एक बाज आडवी घालून दोरीने बांधली.

"पहिल्या फेरीत एक बाई होती," आई म्हणाली. "कमरेचं हाड मोडलेली. रस्ता हा असा, जागोजाग चिरलेला. प्रत्येक खड्ड्याला दोरी सरकायची, बाज हलायची आणि ती ओरडायची. तुझे बाबा म्हणायचे, गाडी हळू न्यावी तर मागचे रोगी वाट बघतायत, जोरात न्यावी तर ही मरते. ती जगली की नाही, त्यांना पुढे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी लोहाराला उठवला आणि ह्या कड्या ठोकून घेतल्या. म्हणाले, आता बाज हलायची नाही. पुढे पंधरा-वीस वर्षं बाज ह्या कड्यांनाच बांधली जायची. साप चावलेले, अडलेल्या बायका, किती म्हणून सांगू! दोघीतिघी तर वाटेतच बाळंत झाल्या ह्या गाडीत."

एवढे बोलून तिने पदराच्या टोकाने एका कडीवरचा खडू पुसला. बाकीच्या तीन मी पुसल्या.

त्या रात्री मला मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते. निदान माझ्यापुरते तरी. मूळचे म्हणजे केवळ पहिले नव्हे. जे पुन्हा घडवता येणार नाही, ते मूळचे. कारखान्याचा हिरवा रंग पुन्हा देता येतो. तो देताना आपण काही गमावत नाही. बोल्ट पुन्हा कातता येतो. पण नंबर कोरलेले ते इंजिन जगात एकच आहे, आणि १२ डिसेंबर १९६७ च्या पहाटे लोहाराच्या भात्यावर तापलेल्या कड्याही चारच आहेत. उद्यमनगरातला कारागीर तशा हुबेहूब कड्या बनवून देईल. ती पहाट कुठून देईल?

मग डिझेलच्या इंजिनाला वेगळा न्याय का, असे माझ्या भावाने विचारले. तेही वडिलांनीच बसवले होते, त्यानेही पंधरा-सोळा वर्षे चाकरी केली होती. प्रश्न रास्त होता. पण ते इंजिन हजारांतले एक होते. ते काढल्याने त्याचे काही बिघडले नाही. शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या जीपमध्ये ते आज सुखाने चालते आहे. आणि त्याच्यासाठी जे काढावे लागले होते, ते आमच्याकडे शिल्लक होते. ते शिल्लक नसते, तर मी डिझेलला हात लावला नसता. दुसऱ्या कुठल्या तरी जीपचे इंजिन आणून बसवायचे आणि गाडी मूळची झाली म्हणायचे, हे उसने कुंकू लावण्यासारखे झाले असते.

स्नेह्यांना मी हे सर्व पत्राने कळवले. त्यांचा देवधर्म कडक खरा. पण मनुष्य मोठा. पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी खिशातून तीच वही काढली, तिसऱ्या पानावरचे 'काढणे' खोडले आणि तिथे लिहिले: 'चार कड्या, १९६७, राखणे.' मग म्हणाले, "हे सगळं लिहून ठेवा. कुठला भाग कधीचा, कुणी बदलला, का बदलला. गाडीबरोबर ही वही राहिली पाहिजे. उद्या तुमच्या नातवाला वाटलं कड्या काढाव्यात, तर त्याने खुशाल काढाव्यात. पण काय काढतो आहे ते त्याला ठाऊक असावं." आता ती वही सीटखालच्या कोनाड्यात असते. तिच्यात पेंटरची तक्रारही मी नोंदवली आहे.

इंजिन जिवंत करायला सर्वांत जास्त दिवस लागले. तीसएक वर्षे निजलेले ते, चारही पिस्टन जाम झालेले. मिस्त्रींनी घाई केली नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल यांचे मिश्रण ओतले आणि ते तसेच ठेवून दिले. रोज सकाळी येऊन हँडलला जरासा झोका द्यायचे आणि मान हलवून परत जायचे. अठराव्या दिवशी हँडल बोटभर फिरले. मग डोके उतरवले, व्हॉल्व्ह घासले, सिलिंडर मोजून बोअर करून आणले, पाण्याच्या वाटांतला घट्ट झालेला चिखल आणि क्षार धुऊन काढले. ठोकळा तोच ठेवला, क्रँकशाफ्ट तोच ठेवला. जे नवे आले त्याच्यावर साल ठोकले.

चालू करण्याचा दिवस ठरवून ठरवलेला नव्हता. संध्याकाळची वेळ होती. आई आत स्वयंपाकघरात होती, आणि आम्ही तिला काही कळवले नव्हते. कारण इंजिन चालू होईल याची खात्री आमच्यापैकी कुणालाच नव्हती. मिस्त्रींनी "गणपती बाप्पा" म्हणून हँडल मारले. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा ते खोकले, निळा धूर सोडला आणि एकदम लयीत आले. डिझेलचा तो खडखडाट नव्हे. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, सलग आवाज. मी तो विसरून गेलो होतो, हे तो ऐकल्यावर मला कळले.

आई दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे होते.

"वळणावरून हा आवाज यायचा," ती म्हणाली. "रात्री कितीही वाजोत, हा आवाज आला की मी उठून भात टाकायची. ते हातपाय धुऊन पानावर येईपर्यंत व्हायचा. डिझेल बसवल्यापासून रस्त्यावरच्या सगळ्या टेम्पोंसारखाच आवाज. मग कोण आलं ते कळायचंच नाही. दार वाजायची वाट बघायची."

स्नेह्यांच्या यादीच्या चार पानांत आवाजाचा उल्लेख नाही, आणि सरकारच्या नियमातही नाही. मी तो वहीत लिहून ठेवला. आई थोडा वेळ तशीच ऐकत उभी राहिली आणि मग काही न बोलता आत गेली. त्या दिवशी भात नेहमीपेक्षा लवकर झाला होता.